मार्व्हलचा कंटाळा आलाय? परत सुरू असं करा

भो, २०१९ ला मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' पिक्चरच्या तिकिटासाठी धावपळ करणारे आपले जळगाव-भुसावळचे दोस्तच आता नवा पिक्चर आला की "ओटीटीवर बघू" म्हणतात, आणि चूक नाही त्यांची.

पहिलं म्हणजे सगळंच बघायचं हा हट्ट सोडा. आयर्न मॅन (२००८) ते एंडगेम २२ पिक्चर होते, ठीक होतं, पण २०२१ पासून वांडाव्हिजन, लोकी अशा सिरीजपण त्याच गोष्टीत घुसल्या, मग द मार्व्हल्स (२०२३) हा पिक्चर नीट कळायला मिस मार्व्हल सिरीजपण बघा, म्हणजे मजा कमी नि गृहपाठच जास्त.

त्यापेक्षा एकच पात्र धरा. लोकी आवडतो ना? मग त्याचे दोन सीझन, १२ एपिसोड, बस, पुढे डेडपूल अँड वुल्व्हरीन पिक्चरमधली टीव्हीएवाली (काळावर नजर ठेवणाऱ्या खात्याची) भानगड आपोआप समजते.

ट्रेलरवर जाऊ नका, आठवडाभर थांबा, बघून आलेल्याला विचारा (ज्याला सगळंच भारी वाटतं त्याला नको).

पिक्चर बघायचाच तर गँग घेऊन थिएटरला, भरीत पार्टी एकट्याने करतं का कोणी? सिरीज मात्र अर्ध्यात बोअर झाली तर खुशाल बंद करा, यूट्यूबवर हिंदीत रिकॅप मिळतो.