आंबट बिअर पाहुण्यांना कशी पाजावी

भारतातून पाहुणे आले की ब्रसेल्समध्ये तीन गोष्टी ठरलेल्या. मानेकन पिसचा तो हातभर पुतळा बघून "एवढुसाच?" म्हणायचं, वॉफल खायचं आणि चॉकलेटचे डबे बॅगेत कोंबायचे. चौथी गोष्ट मी करवते. मिदी स्टेशनातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चालत त्यांना अँडरलेख्टमधल्या कांतियोंमध्ये नेते. दार इतकं साधं की पाहुणे पुढे निघून जातात. आत १९०० सालापासून एकाच घराण्याकडे असलेला बिअरचा कारखाना आहे.

नऊ वर्षांत सोळा-सतरा जणांना नेलं असेल. सुरुवातीच्या बहुतेकांचा चेहरा पहिल्या घोटाला कच्ची चिंच चावल्यासारखा व्हायचा आणि "छान आहे हं" म्हणत ते गिलास हळूच टेबलावर ठेवायचे. चूक माझी होती. मी त्यांना "चला, बेल्जियमची बिअर पिऊ" असं सांगून न्यायचे.

म्हणून पहिलं काम: बिअर हा शब्द काढूच नका. लँबिक म्हणा. विचारलंच, तर सांगा की गव्हा-बार्लीची वाइन आहे, आणि ती आंबवलेली नाही, आपली आपण आंबलेली आहे. गोव्याकडच्या माणसाला हुर्राक आठवून द्या. काजूच्या बोंडांचा रसही बाहेरचं यीस्ट न घालताच फसफसतो. देशावरच्याला आंबील पुरे. जिभेला आधी कळलं पाहिजे की आंबट येणार आहे, मग ती भांडत नाही.

दुसरं, शक्य असेल तर हिवाळ्यात न्या. लँबिक साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच शिजतं. माझे मामा कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. ते नोव्हेंबरात आले. मी हंगामाचं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुमचाही गाळप हंगामच की गं!" आणि तिथून पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही. कारण मात्र वेगळं आहे. ऊस हंगामात पिकतो म्हणून गाळप. इथे थंडी लागते म्हणून हंगाम. उन्हाळ्यातली रात्र उबदार असते, उघड्यावर निवत ठेवलेला धान्याचा काढा वेळेत निवत नाही आणि हवेत नको ते जंतू जास्त असतात. उन्हाळ्यात गेलात तर पिंपं, फळं, बाटल्या सगळं दिसेल, वाफ तेवढी दिसणार नाही.

आत शिरल्यावर खालच्या भांड्यांपाशी फार रेंगाळू नका. एवढंच सांगा: सुमारे ३५ टक्के मोड न आणलेला गहू, बाकी बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. धान्याचं पाणी मुद्दाम गढूळ काढतात, कारण त्यातला स्टार्च सावकाश खाणारे जीव पुढे दोन-तीन वर्षं पिंपात बसणार आहेत. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, ताजे नसतात, तीनेक वर्षं जुने करून वापरतात. कडूपणा उतरलेला असतो, टिकवायचा गुण उरलेला असतो. मग कित्येक तास उकळी. झालं.

थांबायचं ते माळ्यावर. लाकडी जिन्यानं वर गेलं की कौलांखाली तांब्याचा एक उथळ, प्रचंड हौद दिसतो. लग्नाच्या पंगतीत जिलेबीची कढई असते ना, ती चौकोनी करून खोलीभर पसरली तर कशी दिसेल, तसा. त्याच्यात उकळता काढा सोडतात, भिंतीतल्या झडपा उघड्या ठेवतात आणि निघून जातात. रात्रभरात तो १८-२० अंशांवर येतो आणि तेवढ्यात ब्रसेल्सच्या सेन नदीच्या खोऱ्यातली हवा, ते जुनं लाकूड, ते छप्पर आपापले जंतू त्यात टाकून मोकळे होतात. यीस्ट कोणी घालत नाही. मामांनी हौदाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "आणि इनॉक्युलम?" म्हणजे विरजण कुठलं. मी वर छपराकडे बोट दाखवलं. आयुष्यभर मळीच्या डिस्टिलरीत यीस्टची टाकी डोळ्यात तेल घालून सांभाळलेला माणूस तो. काही बोलला नाही, फक्त चष्मा काढून पुसला.

इथे पाहुण्यांना कोळ्याची जाळी दिसतील आणि मामींसारखं कोणीतरी "झाडत नाहीत वाटतं" म्हणेलच. झाडत नाहीत. कोळी फळमाश्या खातात, आणि उन्हाळ्यात पिंपांत चेरी पडली की फळमाश्यांचा सुकाळ असतो. औषध फवारलं तर हवेतले कामाचे जीवही मरतील. मामींना हे पटलं नाही. पटवत बसू नका.

खाली पिंपांच्या दालनात नाक वापरायला सांगा. ओलं लाकूड, सफरचंदाची साल, थोडा गोठा. वाइनची जुनी ओक पिंपं आहेत ही. पहिले काही दिवस भोकातून फेस उसळत राहतो म्हणून बूच लावत नाहीत; जोर ओसरला की बंद. पहिल्या महिन्यात त्यात पोटाला बाधतील असेही जंतू असतात. दारू आणि आम्लता चढली की ते मरतात. मग नेहमीचं यीस्ट साखर खातं, उन्हाळ्यात लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू जोर धरतात आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट उरलंसुरलं चघळत बसतं. त्याच्या एका जातीचं नावच ब्रुक्सेलेन्सिस, म्हणजे ब्रसेल्सचं. तो गोठ्याचा वास त्याचाच. एरवी बिअरवाले ह्याला बिघाड म्हणतात. इथे ह्याच बिघाडाची वाट बघत पिंप ठेवलेलं असतं.

घराण्याची गोष्ट पिंपांपाशीच सांगून टाका, पाहुण्यांना ती आवडते. पॉल कांतियों आधी दुसऱ्यांचं लँबिक आणून मिसळायचा. स्वतः शिजवणं १९३०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. पुढे त्याची मुलं, मग एका मुलाचा जावई जाँ-पिएर व्हान रॉय, आता त्याचा मुलगा जाँ. जगाला गोड बिअर हवी होती तेव्हा जावयानं आंबटच धरून ठेवली आणि १९७८ साली कारखान्याचंच संग्रहालय केलं, म्हणून आज आपण तिकीट काढून आत येतो. "जावई गुणाचा निघाला," इति मामी.

आता चव. क्रम चुकवू नका. लोक नवशिक्याला आधी चेरीची क्रीक देतात, लाल दिसते म्हणून. नेमकं तेच करू नका. तो रंग थेट कोकम सरबताचा, मग जीभ साखर शोधते, साखर नसते आणि माणूस फसवल्यासारखा बघतो. मामींचं तसंच झालं असतं. आधी नुसतं लँबिक घ्या. त्याला फेस नसतो, बुडबुडे नसतात, कारण लाकडातून वायू निसटून जातो. छोटा घोट, तोंडात फिरवून गिळा आणि थोडं थांबा. दुसऱ्या घोटाला आंबटपणा मागे सरकतो आणि लिंबाची साल, गवत असं काहीतरी पुढे येतं. मग ग्योझ: एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचं मिश्रण. तरण्यात थोडी साखर उरलेली असते, म्हाताऱ्यात चव. बाटलीत पुन्हा आंबून बुडबुडे धरतं, शॅम्पेनसारखं. क्रीक सगळ्यात शेवटी. अख्ख्या आंबट चेऱ्या, बियांसकट. इथे लिटरला साधारण २०० ग्रॅम फळ पडतं. साखर सगळी यीस्टनं खाल्लेली, राहतो तो रंग, वास आणि बियांचा किंचित बदामी कडवटपणा. रास्पबेरीची, जर्दाळूची, मस्कात द्राक्षांचीही करतात. नाशिकचा कोणी असेल तर त्याच्यासाठी द्राक्षांची मागवा. तो तासभर हलत नाही, अनुभव आहे.

आणि तरीही एखाद्याला नाहीच आवडलं, तर त्याला साखर घातलेलं फारो किंवा गोड क्रीक द्या. कमीपणा काही नाही. ब्रसेल्सजवळच्या व्लेझेनबेक गावच्या लिंडेमान्सकडे, १८२२ पासूनचं शेतकरी घराणं ते, गोड क्रीकही होते आणि अस्सल आंबटही.

दुकानातून घरी न्यायची असेल तर बाटलीवर ग्योझ किंवा क्रीकच्या आधी ओ-यू-डी-ई ही चार अक्षरं शोधा. डचमध्ये त्याचा अर्थ जुनी. युरोपीय संघाच्या नियमानं तो शब्द हवेतून आंबलेल्या, बाटलीत पुन्हा आंबवलेल्या आणि पुरेशा मुरलेल्या लँबिकलाच लावता येतो. घटकांत साखर किंवा गोडी आणणारं दुसरं काही दिसलं तर ती गोड प्रकारातली. कांतियोंच्या बाटलीवर तो शब्द बहुधा नसतो, पण तिथे शंकेचं कारण नाही.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी क्रीकची बाटली ट्राममधून हातात हलवत आणली आणि मैत्रिणी आल्या म्हणून त्याच संध्याकाळी उघडली. स्वयंपाकघराचं छत पांढरं होतं, घर भाड्याचं होतं. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून बाटली आणली की दोन-तीन दिवस गार, अंधाऱ्या जागी गुमान पडू देते. वर पत्र्याचं झाकण, आत बूच, म्हणजे ओपनर आणि कॉर्कस्क्रू दोन्ही लागतात. इथे बाटली टोपलीत आडवीच ठेवून उघडतात, तळाचा गाळ ढवळू नये म्हणून. माझ्याकडे देवपूजेच्या फुलांची जास्तीची परडी आहे, ती अगदी मापाची बसते. (आईला सांगू नका.) फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, बर्फगार केली तर नुसता आंबटपणा उरतो. १२-१३ अंश पुरे. सरळ उभा जाड बुडाचा गिलास घ्या आणि एका दमात सगळ्यांचे भरा. मध्ये बाटली उभी केलीत की गाळ उठतो.

सोबत खायला इथली जुनी रीत म्हणजे पावावर ताजं पांढरं चीज, लाल मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात. ते चीज म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, मीठ लावलेला. घरी मी चक्काच वापरते. तळलेलंही चालतं: बटाटेवडा, कुरकुरीत बोंबील, खारे दाणे. तांबडा रस्सा मात्र नको. तिखट, बुडबुडे आणि आम्ल तिघं मिळून जीभ सोलून काढतात; मामांनी हट्टानं ठेचा लावून बघितला आणि पाण्याचा तांब्या मागितला. पित्ताचा त्रास असेल त्याला उपाशीपोटी देऊ नका. आणि साधारण पाच-सहा टक्केच मद्यार्क आहे म्हणून सरबतासारखी ढोसूही देऊ नका.

भारतात न्यायची तर माणशी दोन लिटर करमुक्त, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेतच, लोकरी मोज्यात गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. घरी पोचल्यावर गॅसशेजारच्या कपाटात किंवा फ्रिजच्या वर ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात बाटलीतला दाब वाढतो आणि बुचाचा भरवसा राहत नाही. इथल्या तळघरात ग्योझ वीस वर्षं टिकते, कोल्हापूरच्या माडीवर नाही. आपल्याकडे घरातली सगळ्यात गार जागा बघा. मामांनी धान्याच्या कोठीमागे आडवी ठेवली आणि दिवाळीला उघडली. व्याह्यांना त्यांनी बिअर म्हणून सांगितलंच नाही म्हणे.

रिकाम्या बाटल्या कोणी मागितल्या तर देऊन टाका, काच दणकट असते. मामींनी गरम पाण्यानं खळखळून धुऊन त्यांत काकवी भरली आहे.