धोतराच्या पडद्यावर शरीर: एका खोलीतली व्हिडिओ-कला

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत एखादी अंधारी मधली खोली असतेच. प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणारी व्हिडिओ-कला करायला तेवढी जागा पुरते. १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी असलेल्या बडोद्यात असल्या प्रयोगाला प्रेक्षकही मिळतात.

चित्रण. विषय स्वतःचं शरीर, पण चेहरा घेऊ नका. चेहरा दिसला की बघणारा ‘हा कोण?’ यातच अडकतो. गळ्याखालचा खळगा घ्या. खिडकीतून तिरपा उजेड आला की तिथली नाडी उडताना स्पष्ट दिसते. मोबाईल ट्रायपॉडवर ठेवून सेकंदाला १२० फ्रेमने चित्रण करा आणि २४ ने चालवा. पाचपट संथ झालेला ४ सेकंदांचा श्वास २० सेकंद चालतो, आणि बघणाऱ्याचाही श्वास नकळत मंदावतो.

पडदा. आजोबांचं पांढरं सुती धोतर यासाठी उत्तम. विकतचा चकचकीत पडदा मला कधीच पटला नाही. पातळ सुतातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं आणि मागच्या भिंतीवरही पुसट उमटतं. दोन धोतरं शिवून जोडा, दोरीवर टाका, काठ जमिनीला टेकू द्या.

प्रोजेक्टर. भाड्याने मिळतो. त्याचा ‘थ्रो रेशो’, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं, ते विचारून घ्या. तो १.२ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी २.४ मीटर अंतर लागेल. प्रोजेक्टर कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे येणाऱ्याची सावली पडद्यावर पडेल. ती पडायलाच हवी! तुमच्या कातडीवर त्याची आकृती उमटली की तो नुसता बघ्या राहत नाही.

आवाज. कलाकार मोना हाटूम यांनी १९९४ मध्ये एंडोस्कोपीच्या कॅमेऱ्याने स्वतःच्या शरीराच्या आतलं चित्रण केलं, ते गोल बंदिस्त जागेत जमिनीवर दाखवलं आणि सोबत श्वास व हृदयाचे ठोके ऐकवले. तुम्ही गोधडीत शिरून मोबाईल ओठांजवळ धरा नि श्वास रेकॉर्ड करा. स्पीकर जमिनीवर ठेवा. नवरात्रात मात्र हा खेळ मांडू नका. गरब्याच्या आवाजात श्वास ऐकूच येणार नाही.

व्हिडिओ लूपवर लावा. एका वेळी एकालाच, अनवाणी आत सोडा. कुणी लगेच बाहेर आलं तर आधी दाराची फट बघा. तिथून उजेड येत असेल तर चादर लावून ती बुजवा.