शेलमध्ये स्पेस गायब होतात? कोट टाका की ओ

आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या स्टॉकची यादी बऱ्याच ठिकाणी अजून साध्या टेक्स्ट फाईलमधेच असते, स्पेस मारून मारून कॉलम जुळवलेले, आणि ती बॅश (कमांड चालवणारं एक शेल) स्क्रिप्टमधून छापली की सगळे कॉलम एकमेकांना चिकटून येतात. मग लोक इकोला, म्हणजे छापणाऱ्या कमांडला, शिव्या देतात. इकोची काय चूक नाहीये त्यात.

करून बघा (इथं देवनागरीत लिहिलंय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं):

ओळ='चादर     डबल     ४०'
इको $ओळ
इको "$ओळ"

पहिल्यात एकेकच स्पेस दिसेल, दुसऱ्यात जशीच्या तशी ओळ. म्हणजे व्हेरिएबलमध्ये स्पेस शाबूतच होत्या, पण कोट नसले की शेल आधी स्पेस, टॅब आणि नवी ओळ दिसेल तिथं तुकडे पाडतं (हे कुठं पाडायचे ते आयएफएस नावाचं शेलचं व्हेरिएबल ठरवतं), इकोच्या हातात तीन सुटे शब्द पडतात आणि ते मधे एकेक स्पेस टाकून छापतं, बास.

सिंगल कोट नको हं, त्यात नुसतं $ओळ असंच छापून येईल.

छापण्यापुरतं ठीक आहे, खरा घोळ आरएमला, म्हणजे फाईल पुसणाऱ्या कमांडला होतो. फाईलचं नाव 'जेकार्ड चादर' असेल आणि तुम्ही आरएम $फाईल लिहिलं तर ते 'जेकार्ड' आणि 'चादर' अशा दोन फाईली शोधतं, आणि 'चादर' नावाची दुसरी फाईल खरंच तिथं असली तर गेलीच की ती! आणि व्हॅल्यूत नुसती एक सुटी चांदणी * आली तर तिच्या जागी फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींची नावं येऊन बसतात, पुढचं तुम्हीच समजून घ्या. म्हणून आरएम "$फाईल", आणि स्क्रिप्टला आलेली नावं पुढं द्यायची तर "$@", कोटासकट.

फाईल ओळीओळीनं वाचताना कोटानं भागत नाही, रीड (ओळ वाचणारी कमांड) स्वतःच सुरवातीच्या आणि शेवटच्या स्पेस खातं. तिथं असं:

व्हाईल आयएफएस= रीड -आर ओळ

$(कॅट फाईल), म्हणजे फाईलमधला सगळा मजकूर, कोटात घातलं तरी शेवटच्या रिकाम्या ओळी जातातच, ते तसंच आहे.

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडं २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून बॅशऐवजी झेडशेल हे डीफॉल्ट शेल आहे, ते बिनकोटाचे तुकडे पाडतच नाही, त्यामुळं तुमच्याकडं चालतंय म्हणून लिनक्स सर्व्हरवर टाकाल आणि तिथं फाटेल. टाकायच्या आधी शेलचेक या स्क्रिप्ट तपासणाऱ्या टूलमधून काढा, एससी२०८६ अशी वॉर्निंग आली की समजा कुठंतरी कोट राहिलाय.