बार्बाडोस: कार्लाइल बे की क्रेन? किनारा कसा निवडावा

२९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि बार्बाडोसचं नाव घराघरांत पोचलं. ते मैदान डोळे भरून बघायला जाणाऱ्यांच्या हाती समुद्रासाठी बहुतेक वेळा एकच मोकळा दिवस उरतो. मग घरात दोन तट पडतात: शहराला लागून असलेला निवांत कार्लाइल बे, की आग्नेयेकडचा, कड्याखाली फेसाळणारा क्रेन? फोटो बघून ठरवू नका. वारा बघून ठरवा.

आधी नकाशा उघडा. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा पूर्व आणि आग्नेय अंगावर थेट आदळतात. क्रेन त्या वाऱ्याच्या तोंडावर आहे, कार्लाइल बे नैऋत्येला बेटाच्या आडोशात. कोकणात आपण आधी भरती-ओहोटीची वेळ विचारतो. इथे भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक पडत नाही, तेव्हा ते कोष्टक बाजूला ठेवा.

मग बरोबर कोण आहे ते बघा. लहान मुलं, आजी-आजोबा किंवा पोहता न येणारं कुणी असेल तर कार्लाइल बे, यात दुसरा विचार नको. पाणी संथ आणि स्वच्छ असतं. किनाऱ्यापासून थोडं आत, फार खोल नसलेल्या पाण्यात जुन्या बोटी बुडालेल्या आहेत. त्यातली ‘बर्विन’ ही टगबोट १९१९ पासून तिथे आहे. स्नॉर्केलचा मुखवटा लावून वरून पाहिलं की गंजलेल्या पत्र्यावर प्रवाळ चढलेलं दिसतं आणि त्यातून माशांचे थवे आत-बाहेर करतात. कासवंही दिसतात. त्यांना हात लावू नका, खायला घालू नका.

क्रेनचं सौंदर्य मात्र वेगळंच. वरून बघताना वाळूवर फिकट गुलाबी झाक दिसते आणि लाटेचा आवाज कड्यावर आपटून परत येतो. पण पाण्याला ओढ आहे. लाल झेंडा लागला असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. लाटांवर खेळायची सवय असलेल्या तरुण मंडळींनी इथे जरूर जावं, पण जीवरक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात राहूनच.

आदल्या संध्याकाळी हॉटेलात दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, सरगॅसम आलंय का? हे तपकिरी समुद्रशेवाळ २०११ पासून कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं. त्याचा जास्त मारा पूर्व-आग्नेय किनाऱ्यांवर होतो, आणि ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तसं असेल तर क्रेनचा बेत सोडा. दुसरी, उद्या बंदरात क्रूझ जहाजं किती? जास्त असतील तर कार्लाइल बेवर दुपारी गर्दी होणार. अशा दिवशी तिथे सकाळी लवकरच जा.

जाणं सोपं आहे. बसथांब्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच लिहिलेलं असतं. क्रेनसाठी ब्रिजटाउनहून ‘आउट ऑफ सिटी’ची बस, आणि ‘क्रेनला जाते का?’ हे चालकाला चढतानाच विचारा. सगळे किनारे सार्वजनिक आहेत, पैसे पडतात ते खुर्ची-छत्रीचे. भाव आधी ठरवा, आणि तो अमेरिकन डॉलरमध्ये की बार्बाडोसच्या, हेही विचारा. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर, म्हणजे गफलत झाली तर दुप्पट भुर्दंड.

कुठेही गेलात तरी मँचिनील हे झाड ओळखायला शिका. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, चीक विषारी. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहू नका. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. आणि लष्करी छापाचे कपडे बॅगेत भरू नका, मुलांचेसुद्धा. इथे ते कायद्याने बंद आहेत.

घरातले दोन्ही तट हटून बसले तर सकाळ क्रेनला द्या, कारण तिथे सूर्य समुद्राच्या बाजूने वर येतो. दुपारी परत फिरा. सूर्यास्त ऋतूप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान होतो. त्याआधी तासभर कार्लाइल बेवर पोचलात, तर गार होत चाललेल्या वाळूत बसून सूर्य थेट पाण्यात उतरताना बघता येईल.