वचनाचा अधिकार कसा तपासावा: बडोद्याच्या वाचन-मंडळासाठी

एका बैठकीत एकच वचन घ्या. मराठी पवित्र शास्त्राशेजारी (म्हणजे बायबलशेजारी) गुजराती प्रतही उघडी ठेवा. दोन भाषांतरं जिथे फुटतात, काम तिथेच असतं.

वहीत आधी लिहा: बोलतंय कोण, कोणाशी, आणि बोलून करतंय काय? हुकूम, विनंती, तक्रार, आश्वासन? खरं की खोटं हे नंतर. बोलणं ही कृती असते, हे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिननी १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलं. सरावाला २ तीमथ्य ४:१३ घ्या, म्हणजे प्रेषित पौलाने शिष्य तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं वचन. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा पौल मागवतो. ही विनंती, ती खरी किंवा खोटी नसतेच. मग इथे अधिकार कशाचा? दहा मिनिटं भांडू द्या.

आता देव यातून बोलतो म्हणजे कसा, ते पाहा. तत्त्वज्ञ निकोलस वोल्टरस्टॉर्फ १९९५ च्या पुस्तकात दोन वाटा वेगळ्या करतात. बडोदेकराला त्या संस्थानी कारभारावरून चटकन कळतील. दिवाण महाराजांच्या नावाने हुकूम काढतो: शब्द दिवाणाचे, हुकूम महाराजांचा. दुसऱ्या वाटेत मसुदा कारकुनाचा असतो. महाराजांची सही झाली की तो त्यांचा होतो. 'परमेश्वर म्हणतो' म्हणणारा संदेष्टा पहिल्या वाटेवर आहे. स्तोत्रातला विलाप मात्र माणूस देवापुढे करतोय. तो देवाचा शब्द झाला तर सहीनेच.

सगळ्यात जास्त घसरण ईयोबाच्या पुस्तकात होते; त्यात दुःखात सापडलेल्या ईयोबाशी त्याचे मित्र वाद घालतात. मित्रांची भारदस्त वाक्यं लोक देववचन म्हणून भिंतीवर लावतात, आणि ४२:७ मध्ये देवच सांगतो की ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. आधीच्या भाषणांतून वाक्य उचलण्यापूर्वी बोलणारा कोण ते पाहाच.

२ तीमथ्य ३:१६ शेवटी घ्या. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'आहे' हे क्रियापदच नाही. म्हणून 'प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आणि उपयोगी आहे' असंही वाचता येतं, आणि 'प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगीही आहे' असंही. तुमच्या दोन्ही प्रतींत कोणतं वाचन आहे, ते लिहून ठेवा. आदल्याच वचनात तीमथ्याला बालपणापासून माहीत असलेल्या शास्त्राचा उल्लेख आहे, म्हणजे इब्री शास्त्राचा; नवा करार तेव्हा एकत्र झालेला नव्हता. एवढ्या एका ओळीवर सगळ्या ग्रंथाचा अधिकार सिद्ध करू गेलं, तर दिवाणाची नेमणूक दिवाणाच्याच पत्राने सिद्ध केल्यासारखं होतं. कोणी तसं करू लागलं, तर सही कुठे दिसते ते दाखवायला सांगा.