जुन्या गाडीचे ब्रेक लाइट लागत नाहीत?

दोन्ही बाजूंचे लाइट एकदमच गेले असतील तर बल्ब बदलायची घाई करू नका; दोन बल्ब एकाच दिवशी सहसा उडत नाहीत. आधी फ्यूज बघा. काही जुन्या गाड्यांत हॉर्नचाही तोच असतो, म्हणजे हॉर्नही मुका झाला असेल तर चोर सापडलाच.

फ्यूज ठीक असेल तर ब्रेक पेडलच्या वरचा स्विच. पेडल दाबलं की त्याची छोटी दांडी बाहेर येते आणि आतला संपर्क जुळतो. धूळ, गंज किंवा सैल झालेला नट, एवढ्यानेही तो रुसतो. स्विचला दोनच वायरी असतील तर चावी ऑन करून, त्या काढून तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. लाइट लागले की स्विच गेला समजा. स्वस्तात मिळतो, उगाच घासत बसू नका.

एकाच बाजूचा बंद असेल तर मात्र बल्ब आणि होल्डर तपासा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणला तर अर्थिंग, म्हणजे दिव्याची गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर, सैल आहे. मागे बघायला कोणी नसेल तर रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा, आरशात लाल उजेड दिसतो.