काढा, हळदीचं दूध आणि बाळगुटी: या चुका टाळा

काढा कडूजार होतो, दूध फाटतं, पिऊन झाल्यावर छातीत जळजळतं. बहुतेक वेळा क्रम किंवा माप चुकलेलं असतं.

सगळं एकदम उकळायला टाकणं

तुळस, आलं, मिरी एकत्र वीस मिनिटं उकळली की तुळशीचा सुवास वाफेबरोबर उडून जातो आणि पाल्याचा कडवटपणा तेवढा उरतो. दोघांसाठी दोन कप पाणी घ्या. त्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, 4 मिरी, 2 लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा आणि ज्येष्ठमधाची बारीक काडी घाला. मंद आचेवर 10–12 मिनिटांत ते आटून कपभर झालं पाहिजे. गॅस बंद केल्यावर तुळशीची 8–10 पानं चुरडून घाला, 5 मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. माणशी अर्धा कप पुरे. लवकर गुण यावा म्हणून मिरी-लवंगा दुप्पट केल्या, त्यात अनशापोटी घेतल्या, तर जळजळ होणारच.

कोरेगाव, साताऱ्याकडचं जुनं आलं नव्यापेक्षा तिखट असतं, ते जरा कमीच घ्या. सुंठ वापरायची तर पाव चमचा बास. रक्तदाबाचा त्रास असेल तर ज्येष्ठमध वगळा, त्याने दाब वाढतो. आणि कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात काढा रात्रभर ठेवू नका.

दूध फाटणं

कच्च्या आल्यात दूध साकळवणारं द्रव्य असतं. उकळी बसली की त्याचा जोर संपतो. म्हणून आलं आधी थोड्या पाण्यात 2–3 मिनिटं उकळा, मग त्यात गरम दूध ओता. गूळ मात्र गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावरच. उकळत्या दुधात गूळ टाकून वर दूधवाल्याला बोल लावणारे कमी नाहीत.

हळद तळाशी बसते, कच्ची लागते, कारण ती वरून भुरभुरलेली असते. कपभर दुधाला पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा तूप घालून 3–4 मिनिटं उकळा. मिरी आणि स्निग्धांश असला की हळदीतलं कर्क्युमिन अंगी जास्त लागतं. हळद कडकडीत तुपात परतू नका, करपून कडू होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज हळद-दूध घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

भडक रंगाला भुलणं

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सुट्या पुडीवर 'सांगली' लिहिलं म्हणजे ती तिथलीच असं नाही. पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळण्याचे प्रकार होतात आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा हळकुंडं घ्या. मोडून बघा: कट्‌कन मोडलं आणि आत गडद केशरी-पिवळं दिसलं तर वाळलेलं आहे, वाकलं तर ओल आहे, पुढे बुरशी धरेल. हाताला पिवळी भुकटी फार लागत असेल तर वरून रंग चढवलेला असू शकतो, तो माल सोडा. वर्षाची हळद उन्हाळ्यात डंकावरून कांडून आणा.

गुटीचा डबा ओला ठेवणं

वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून तसंच डब्यात टाकलं की दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. प्रत्येक काडी पुसून, उन्हात कोरडी करूनच ठेवा. बुरशी आलेली काडी धुऊन परत वापरू नका, फेकून द्या. जायफळाचा एखादाच वेढा. बाळ शांत झोपतं म्हणून वेढे वाढवतात, पण जास्त झालं की त्याची गुंगी येते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या असं डॉक्टर सांगतात, तेव्हा गुटी सुरू करण्याआधी त्यांना विचाराच.

मधात कालवून चाटवणं तर वर्षाच्या आत पूर्ण बंद. महाबळेश्वरचा शुद्ध मध असला तरी त्यातल्या जिवाणूंच्या बीजांनी तान्ह्याला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. सर्दीला ओव्याची पुरचुंडी शेकवतात, त्यात कापूर घालू नका आणि बाळाच्या नाकाला कापूर लावू नका. लहान मुलांना कापराने झटके येऊ शकतात. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. श्वास घेताना बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ते दूध ओढत नसेल, तर शेकत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.